जगतलो मां, डाक्टरानु?

न मागता माझ्याकडे दोन गोष्टी जमल्या. एक म्हणजे लग्नात आहेर आलेली पितळेची ताटं आणि दुसरी म्हणजे हॉस्पिटलातले किस्से. ताटं मी भाचरांना वाटून टाकली. किस्से कुणाला वाटणार? ते राहिले माझ्याकडेच! आणि तुम्ही सगळ्या जमलात की कुणीतरी म्हणतंच, "लीला, तो पांडग्याचा सांग ना!"

सांगते. पण पांडग्या शेवटी. आधी बाकीचे ऐकावे लागतील, नाहीतर त्याची मजा कळायची नाही.

पन्नास-साठ सालातली गोष्ट. सिंधुदुर्ग म्हणजे तेव्हा नुसता समुद्रातला किल्ला, जिल्हा आमचा रत्नागिरी. मी कराडकडची, म्हणजे इथल्या भाषेत घाटीण. मालवणात बारा खाटांचं एक हॉस्पिटल होतं, तिथे मी नर्स म्हणून आले. डॉक्टर होते सबनीस, पुण्याचे. हुशार, सज्जन, आवाज कधी चढायचा नाही आणि तोंडातून वावगा शब्द कधी जायचा नाही. आणि तिसरी भागीआक्का, आमची आया. ती इथलीच. खरं म्हणजे हॉस्पिटल तीच चालवायची, आम्ही दोघं तिच्या हाताखाली होतो.

तेव्हा मुलांमध्ये कावीळ फार यायची. मूल पिवळं किती झालं यावर काही नसतं हो! हळदीसारखी पिवळी झालेली पोरं पंधरा दिवसांत माडाला दगड मारताना मी पाहिली आहेत. भीती वेगळीच. एखाद्या पोराचं लिव्हर एकदम हात टेकतं आणि मग कावीळ डोक्यात जाते. पोर गोंधळतं, बरळतं, दिवसा झोपतं आणि मग उठेनासंच होतं. त्यातलं कुठलं वाचेल आणि कुठलं नाही, हे कोणी सांगायचं? रक्त तपासायला आगबोटीनं मुंबईला जायचं. रिपोर्ट परत येईपर्यंत त्या पोराचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

पण प्रत्येक आई दारातच विचारायची, "जगतलो मां, डाक्टरानु?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला डॉक्टरांनी एक वही ठेवली होती. रोज सकाळी ते प्रत्येक पोराला तीन गोष्टी करायला लावायचे. आज वार कुठला ते सांग, पाटीवर घर काढ, हात पुढे धर. कावीळ डोक्यात जायला लागली की आधी या साध्या गोष्टी बिघडतात, असं पुस्तकात होतं. मग ते वहीत लिहायचे, 'जगेल' किंवा 'कठीण'. पुढे पोर घरी गेलं की बरोबरची खूण. त्यांना खरंच शिकायचं होतं.

पुस्तक लिहिणाऱ्यानं मालवण बघितलेलं नव्हतं, एवढीच अडचण होती.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढणाऱ्या घरातला एक मुलगा आला. डॉक्टरांनी विचारलं, "बाळ, आज वार कुठला?"

तो म्हणाला, "आज भरती दोपारी."

"ते नव्हे. वार, वार!"

"पाण्याक जोर नाय आज. उद्या परवा येतलो."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी वहीत लिहिलं, 'गोंधळ. कठीण.'

भागीआक्का कोपऱ्यात फरशी पुसत होती. ती तिथूनच म्हणाली, "खरा सांगता तो. भरती दोपारीच आसा. वार घेवन तेणां करूचा काय? दर्याक काय आयतवार असता?"

डॉक्टर दुपारी खिडकीत गेले. बाराला पाणी अगदी काठाला आलेलं! 'कठीण' खोडलं, 'जगेल' लिहिलं. मुलगा जगला. आणि डॉक्टरांनी भरती-ओहोटीचं कोष्टक आणून भिंतीला लावलं, स्वतःसाठी!

*

मग देवबागची गंगू. आठ वर्षांची, डोळे पिवळे धमक, पण बडबडी. डॉक्टरांनी पाटी दिली. "गंगू, तुझं घर काढ."

गंगूनं घर काढलं. घरापुढे पाणी, पाण्यात होडी. इथवर ठीक. घराच्या मागे परत पाणी आणि पाण्यात परत होडी. आणि छपरावर एक माणूस बसलेला!

डॉक्टरांचा चेहरा पडला. "सिस्टर, बघितलंत? पुढचं मागचं कळेनासं झालंय. आणि हा माणूस छपरावर!"

मलाही भरून आलं. एवढी गोड पोर! मी भागीआक्काला पाटी दाखवली. तिनं पाटी बघितली, मग आम्हां दोघांना बघितलं आणि म्हणाली, "देवबागाक गेलास कदी?"

नव्हतो गेलो. रविवारी होडीत बसून गेलो. तुम्ही गेलायत ना देवबागला? वाळूची एक चिंचोळी पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. गंगूच्या घरापुढे होडी, गंगूच्या घरामागे होडी. आणि छपरावर गंगूचा काका झावळ्यांची झापं बांधत बसलेला! आम्हाला बघून तिथूनच ओरडला, "चेडू कसा आसा?"

डॉक्टरांनी दोन्ही होड्या बोटानं मोजल्या. मग म्हणाले, "पोर ठणठणीत आहे. माझाच भूगोल कच्चा आहे."

तेव्हापासून त्यांनी आईबापांना विचारायचा एक प्रश्न वाढवला. "पोर एरवी कसं असतं?" हा प्रश्न लक्षात ठेवा.

*

कावीळ डोक्यात जाते आहे असं वाटलं की तेव्हा खाणं तोडायचे. मासे बंद, डाळ बंद, दूध-अंडी बंद. पेज, साखरेचं पाणी आणि फळं, एवढंच. आता हे मालवणात सांगायचं! ऐकणाऱ्या बायका आमच्याकडे अशा बघायच्या की आम्ही श्वासच बंद करायला सांगितलाय.

डॉक्टरांची आणखी एक सवय होती. रोज सकाळी ते वाकून प्रत्येक पोराच्या तोंडाचा वास घ्यायचे. लिव्हर फार बिघडलं की श्वासाला एक चमत्कारिक वास येतो म्हणे. डॉक्टरांनी तो वास नुसता वाचलेला होता. आणि माणूस पुण्याचा, मासा जन्मात खाल्लेला नाही!

एका सकाळी ते एका पोरावर वाकले आणि झटकन मागे झाले. "सिस्टर! वास! आला वास! ग्लुकोज लावा, धावा!"

मी धावले. सलाईनची बाटली आणली, सुई आणली, पोराची मान जरा उचलली. उशीखाली केळीच्या पानात गुंडाळलेला सुका बांगडा. निखाऱ्यावर भाजलेला, अर्धा खाल्लेला!

शेजारी त्याची आत्या बसली होती. मी कडाडले, "मासे बंद सांगितलं होतं ना?"

आत्या शांत. "मासो खंय दिलंय? ह्यो सुको."

"सुका मासा म्हणजे मासाच ना?"

"मासो म्हंजे ताजो," आत्या म्हणाली. "ह्यो आपलो तोंडाक चव म्हणान."

डॉक्टरांनी तिला समोर बसवलं आणि अर्धा तास समजावलं. लिव्हर म्हणजे काय, मासे का नकोत, सगळं. आत्यानं मान हलवत सगळं ऐकून घेतलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "म्हणजे पोर जगायला हवं असेल तर मासा नाही. कळलं?"

आत्या म्हणाली, "कळला ओ. पण मासोच नाय, तर जगान करतलो काय?"

*

हे सगळं चाललेलं असताना एक दिवस डॉक्टरच पिवळे झाले!

बायको बाळंतपणाला पुण्याला गेलेली, घरी कोणी नाही. मग त्यांनाही आमच्याच वॉर्डात शेवटच्या खाटेवर घेतलं. धामापूरकडची एक म्हातारी काविळीची माळ करायची. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात गुंफायचे आणि ती माळ डोक्यावर ठेवायची. दोरा सैल होत जातो, माळ मोठी होत गळ्यात येते, मग छातीवर. माळ उतरली की कावीळ उतरली! डॉक्टर या माळेवर फार चिडायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर डॉक्टरांच्या डोक्यावर माळ!

"सिस्टर, हे कोणी केलं?"

मी भागीआक्काकडे बघितलं. भागीआक्का खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टरांनी माळ काढायला हात वर नेला. सगळा वॉर्ड श्वास रोखून बघतोय म्हटल्यावर हात खाली घेतला. मग मला म्हणाले, "टेप आणा. रोज किती वाढते ते मोजू." अशी ही अभ्यासू माणसं!

पण खरी गंमत पुढे. दहाच्या सुमाराला वॉर्डातली चालती-फिरती पोरं त्यांच्या खाटेभोवती जमली. पुढारी एक सात वर्षांची मुलगी. तिनं पाटी पुढे केली. "डाक्टरानु, घर काढा."

डॉक्टर हसले आणि त्यांनी सुरेख घर काढलं. कौलारू, दोन खिडक्या, तुळस, फाटक.

मुलीनं पाटी उलटसुलट करून बघितली. "पाणी खंय?"

"पुण्याला माझ्या घराजवळ पाणी नाही गं."

"होडी खंय?"

"होडी कशी असेल?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मुलीनं पाटी उचलली आणि सरळ आईकडे गेली. "आये, डाक्टराच्या डोक्यात गेली!"

झालं! दुपारपर्यंत अर्धा बाजार हॉस्पिटलात. कुणी शहाळी आणली, कुणी देवाचा अंगारा. एक म्हातारा तर खाटेजवळ उभा राहून डोळ्यांना पदर लावून रडणाऱ्या बायकोला सांगत होता, "चांगलो होतो गो!"

शेवटी भागीआक्का आली, कंबरेवर हात ठेवून. "काढा मां एक होडी! तुमचा काय जाता?"

डॉक्टरांनी मुकाट्यानं पुण्यातल्या घरापुढे होडी काढली. तेव्हा कुठे लोक घरी गेले.

*

हा किस्सा नव्हे, पण सांगायलाच हवा.

शेवंती म्हणून सहा वर्षांची मुलगी होती. रोज भरती बरोबर सांगायची, घर नीट काढायची, होडीसुद्धा. डॉक्टरांनी वहीत लिहिलं, 'नक्की जगेल'. आणि आईनं विचारल्यावर पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं, "जगेल. काळजी करू नका."

तिसऱ्या दिवशी ती बिघडली. चौथ्या दिवशी गेली.

आई ओरडली नाही, रडलीही नाही. डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "तुमी सांगलात मां?"

मी भांडारात जाऊन रडले, सांगायला लाज कसली. डॉक्टरांनी वही कपाटात ठेवली आणि त्यानंतर कुठल्याही आईला, कुठल्याही बापाला 'जगेल' म्हटलं नाही. कुणी विचारलं की एकच उत्तर, "सांगता येत नाही." पोर उड्या मारत घरी निघालं असलं तरी!

*

या 'सांगता येत नाही'चा एकदा मोठा घोळ झाला.

बाबल म्हणून आतल्या गावातले एक शेतकरी होते. भातशेती, चार काजू, आंब्याची कलमं. त्यांचा मुलगा आमच्याकडे होता आणि बराच गंभीर होता. बाबल रोज विचारायचे आणि डॉक्टर रोज म्हणायचे, "सांगता येत नाही." कंटाळून बाबल गावी गेले, देवाला कौल लावायला.

कौल कसा असतो ते बघितलंय का? गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, "बा देवा म्हाराजा!" जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला म्हणतात, "व्हय म्हाराजा!" उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

दुसऱ्या दिवशी बाबल परत आले. तोंड एवढंसं झालेलं. डॉक्टरांनीच विचारलं, "काय म्हणाला देव?"

"पाकळीच पडाक नाय! दोपारपर्यंत बसलंव. गुरव म्हणालो, देव आज बोलूक तयार नाय. डाक्टराक इचारा."

डॉक्टरांनी पोराची नाडी बघायला घेतली.

"मगे सांगा. जगतलो मां?"

डॉक्टर नेहमीचं म्हणाले, "सांगता येत नाही."

बाबलनी टोपी काढली आणि खाटेवर आपटली. "देव तुमच्यार ढकलता, तुमी देवार ढकलतास! नी मदी माजो झील खाटीर!"

डॉक्टरांनी टोपी उचलून बाबलच्या हातात दिली. खुर्ची ओढून पोराच्या उशाशी बसले आणि सबंध दिवस तिथून हलले नाहीत. आठवड्यानं पोर उठून बसलं. घरी जायच्या दिवशी बाबल नारळ घेऊन आले, फोडला आणि एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, डॉक्टरांच्या हातात ठेवली.

"अर्धाच?" मी विचारलं. मला आपलं तोंड बंद ठेवता येत नाही!

"अर्धो देवाचो," बाबल म्हणाले. "दोघांनीय सांगूक नाय. पण दोघांनीय राखल्यानी."

*

आता पांडग्या.

पांडग्या नऊ वर्षांचा. बाप बोटीवर खलाशी, घरी हा आणि याची आई, सावित्री. पांडग्या आला तोच शिव्या देत. स्ट्रेचरला शिवी, थर्मामीटरला शिवी, भिंतीवरच्या कोष्टकाला शिवी. मी इंजेक्शन घेऊन गेले तर म्हणाला, "सुई घेवन दर्यात उडी घाल गो घाटये!" आणि डॉक्टर वाकून वास घ्यायला लागले तेव्हा त्यांच्या नाकापाशीच ओरडला, "शिरा पडांदे तुज्या तोंडार!"

ही शिवी, म्हणजे तोंडावर काटेरी फांद्या पडोत, इथल्या पाण्यातच आहे, पण इतकी सणसणीत मी तोवर ऐकली नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "सिस्टर, स्वभाव एकदम बदलणं हे फार वाईट लक्षण. पोर बेभान झालंय." पण आता ते शहाणे झाले होते. त्यांनी सावित्रीला विचारलं, "पोर एरवी कसं बोलतं?"

सावित्री मान खाली घालून म्हणाली, "आज बरोच बोलता ओ. ताप आसा मां!"

म्हणजे हा सौम्य पांडग्या! आम्ही हात जोडले.

पण सावित्रीला फार लाज वाटली. डॉक्टर म्हणजे देवमाणूस, आणि त्यांच्या तोंडावर शिरा? तिनं माझ्यादेखत पोराचा कान धरला आणि त्याला शपथ घातली, "गावच्या देवाची शपथ आसा तुका! ह्या हॉस्पिटलात परत शिवी घातलंस तर बघ!"

पांडग्या दोन दिवस धुमसत राहिला. शिव्या ओठापर्यंत यायच्या आणि तो त्या गिळायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी इंजेक्शन घेऊन गेले. पांडग्यानं माझ्याकडे बघून हात जोडले. "येवा सिस्टरबाय. बसा. माका सुई द्या."

अगं बाई! मी भागीआक्काला हाक मारली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सावित्रीला म्हटलं, "शपथ लागली हां गो!" सावित्रीच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी. मी मोठ्या तोऱ्यात डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते चहा पीत होते.

"डॉक्टर, पांडग्या सुधारला! मला बसा म्हणाला!"

डॉक्टरांच्या हातातली कपबशी खाली पडली. ते धावतच वॉर्डात गेले.

पाटीवर घर नव्हतं, नुसत्या वाकड्या रेघा होत्या. हात पुढे धरायला सांगितला, तर पंजा वाऱ्यातल्या शिडासारखा फडफडायला लागला. दुपारी पांडग्या सावित्रीला "तुमी कोण?" म्हणाला, तेही अदबीनं. संध्याकाळी तो कुणालाच काही म्हणेना.

सावित्रीनं डॉक्टरांची वाट अडवली. "जगतलो मां, डाक्टरानु?"

डॉक्टरांना 'सांगता येत नाही' एवढंही बोलवलं नाही. ते तिच्या बाजूनं निघून गेले.

पाच दिवस! ग्लुकोज, एनिमा, कूस बदलणं, तोंड पुसणं. माझे हात यंत्रासारखे चालायचे आणि मनात एकच, हा शिव्या का देत नाही? सगळ्या वॉर्डाचं तेच चाललेलं. भागीआक्का म्हणाली, "ह्येका खवळवूक व्हया. मगे उत्तर देतलो." मग काय, बंदरावरचे दोन खलाशी खास बोलावून आणले. ते पांडग्याच्या पायथ्याशी उभे राहून आळीपाळीनं त्याला शिव्या घालायचे, अशा की मी कानांत कापूस घातला. डॉक्टर बाजूला उभे राहून नाडी बघायचे. पांडग्या ढिम्म.

पाचव्या दिवशी सकाळी सावित्री माझ्याकडे आली. चेहरा ओढलेला, पण डोळ्यांत काहीतरी ठरवलेलं. "बाय, माजाच चुकला. मी शपथ घातलंय, म्हणान तो गप आसा. शपथ सोडवूक व्हयी."

मी तिला लिव्हरचं काय सांगणार? तिच्याबरोबर गावच्या देवळात गेले. नारळ ठेवला. सगळं ऐकून गुरव क्षणभर थबकला. असलं गाऱ्हाणं त्याच्या आज्यापणज्यानंही घातलं नसेल! पण त्यानं हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळात होती ती चार माणसं म्हणाली.

"ह्या बायेन आपल्या झिलाक शिये घालू नको म्हणान तुजी शपथ घातल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती शपथ आज सुटांदे! झिलाची जीब मोकळी होवंदे! तेका बरी भरभरून शिये घालूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी मी पण म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

आम्ही परत आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. डॉक्टर पांडग्यावर वाकून त्याच्या नाकातली नळी बदलत होते. दाढी वाढलेली, पाच दिवस घरी गेले नव्हते. सगळा वॉर्ड नेहमीसारखा त्या खाटेकडे तोंड करून बसलेला. सावित्रीनं अंगारा मुठीत धरला होता. ती दारातच थांबली.

नळी आत सरकली आणि पांडग्याच्या कपाळाला आठी पडली. डॉक्टरांचा हात थांबला. पांडग्यानं डोळे उघडले. एकदा छताकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात, एक एक शब्द सावकाश जुळवत म्हणाला,

"शिरा... पडांदे... तुज्या तोंडार... मेल्या डाक्टरा!"

सावित्री पुढे आली. मुठीतला अंगारा जमिनीवर सांडला, तिला भानही नव्हतं. ती पोराकडे गेलीच नाही, आधी डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"डाक्टरानु, आता तरी सांगा. जगतलो मां?"

डॉक्टर सबनीस, पुण्याचे. वावगा शब्द कधी तोंडातून न गेलेले. त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले,

"जगतलो गो बाय! शिरा पडांदे तेच्या तोंडार, जगतलो!"

आणि बाराच्या बारा खाटा एका सुरात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"